आत वाकलेली तार

दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष, चैत्रातला मंगळवार, सकाळची वेळ. हजर: सोसायटीचे अध्यक्ष, छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. वेल्डर आणि त्याचा मेहुणा. आमच्या गल्लीतल्या बायका, त्यांत भुवईवर टाके घातलेली माझी शेजारीण. मी, सोसायटीची सचिव. आणि कुंपणाच्या पलीकडं, काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला म्हातारा मेंढपाळ. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो होता, म्हणून हजेरीत धरला.

कुठलीही हकिकत हजेरीनं सुरू करायची मला सवय आहे. पुढं प्रकरण पेटलं की निम्मे लोक म्हणतात, आम्ही तिथं नव्हतोच.

काम एकच होतं. विहिरीभोवती आधीपासून दीड पुरुष उंचीची तारेची जाळी होती. तिच्या डोक्यावर काटेरी तारेचे तीन पदर चढवायचे होते.

ही विहीर माझ्या वडिलांची. हर्सूलच्या पुढं आमची जमीन होती. शहर वाढत वाढत बांधाला येऊन टेकलं तेव्हा वडिलांनी ती विकली, तिचे प्लॉट पडले आणि विहिरीलगतचा एक प्लॉट त्यांनी माझ्यासाठी ठेवला. जमीन होती तेव्हा दर उन्हाळ्यात एक मेंढपाळ कुटुंब आमच्या रानात मेंढरं बसवायचं. म्हणजे कळप मुक्कामाला शेतात राहायचा, लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं आणि त्या बदल्यात त्या कुटुंबाला ज्वारी आणि कळपाला पाणी. विहिरीच्या पश्चिमेला एका अखंड दगडातून कोरलेली हाळ आहे. हाळ म्हणजे जनावरांनी पाणी प्यायचा लांबट हौद. सौद्याच्या दिवशी वडील म्हणाले होते, "जमीन तुमची, विहीर सगळ्यांची, हाळ मेंढरांची." प्लॉट घेणाऱ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा विहिरीला पाणी होतं.

वडील गेले. त्यांचा शब्द माझ्याकडं आला. मेंढरं बसवायला शेत उरलं नव्हतं, तरी मेंढपाळ दर उन्हाळ्यात त्याच वाटेनं यायचे, हाळीवर कळपाला पाणी पाजायचे आणि पुढं पैठणकडं सरकायचे. सोसायटीनं विहिरीला जाळी घातली तेव्हा मी भांडून पश्चिमेला, हाळीजवळ, जाळीत एक वाट सोडायला लावली होती.

मग विहीर आटली. टँकर यायला लागला. तो विहिरीतच रिकामा व्हायचा आणि ज्याला जेवढं ओढता येईल तेवढं पाणी त्याचं. शिमगा झाल्यावर एका दुपारी टँकरची नळी विहिरीत सुटायच्या आतच झोंबाझोंबी सुरू झाली. खालच्या वस्तीतल्या बायका त्या वाटेनं आत आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं फिरवलेल्या हंड्याचा काठ माझ्या शेजारणीच्या भुवईवर बसला. भुवई फाटून कातडं डोळ्यावर लोंबलं. आमच्यातली एक गप्प बसणारी बाई, जिचा आवाज मी हळदीकुंकवातसुद्धा ऐकला नव्हता, तिनं पोहऱ्याची लोखंडी कडी उचलून त्या बाईच्या मनगटावर घातली. कापसाची वाळलेली पळाटी मोडावी तसा आवाज आला. मग दगड सुरू झाले. विहिरीच्या कठड्यावर दात पडलेले होते. कुणाचे, ते कुणी विचारलं नाही.

त्या भांडणाशी मेंढरांचा काही संबंध नव्हता. कळप तेव्हा लांब होता. पण वाट मेंढरांसाठी सोडलेली होती, म्हणून सभेत ठरलं: वाट बंद, वर काटेरी तार, आणि सोसायटीच्या बाजूच्या फाटकाला कुलूप. किल्ली अध्यक्षांकडं. माझ्या विरोधाची नोंद झाली आणि पुढचा विषय घेतला.

तर तो मंगळवार. जाळीच्या प्रत्येक खांबावर हातभर लांबीचा अँगल तिरका जोडायचा आणि त्यावरून तार ओढायची. वेल्डरनं पहिला अँगल खांबाला धरला आणि विचारलं, "साब, काँटे अंदर कू झुकाऊँ क्या बाहर कू?"

"बाहेर," अध्यक्ष म्हणाले. "छावणीत बघितलं नाही का? येणाऱ्याच्या तोंडावर."

मग त्यांचं लक्ष पश्चिमेला गेलं. जाळीला लागून एका बिल्डरचा रिकामा प्लॉट होता. आमच्या गेटची एक पायरी त्याच्या हद्दीत वीतभर गेली म्हणून त्यानं सरकारी मोजणी आणून ती फोडायला लावली होती.

"बाहेर वाकवला तर हा त्याच्या हद्दीत लोंबणार," अध्यक्ष म्हणाले.

"हवेतच लोंबणार ना?" शेजारणीनं विचारलं.

"हवेची पण मोजणी आणंल त्यो," अध्यक्ष म्हणाले.

सगळे हसले, पण मानही हलवली. आमच्या भागात बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांवर कुऱ्हाड चालवतात. माझ्या चुलत्याच्या पाठीवर तसला एक वार होता. हद्दीचा प्रश्न आला की बाकीची सगळी अक्कल आम्ही बाजूला ठेवतो. "आत करा," अध्यक्ष म्हणाले. वेल्डर म्हणाला, "हौ, मेरेकू क्या," आणि त्यानं ठिणग्या उडवायला सुरुवात केली.

शेजारीण वर बघून म्हणाली, "हे तर जेलासारखं दिसायलंय. बाहेरच्यासाठी नाय, आतल्यानं पळू नये म्हणून." पुन्हा सगळे हसले. मीही.

दुपारपर्यंत दोन पदर झाले. तिसरा ताणताना तार पिळायला लावलेल्या सळईचा पीळ सुटला आणि तार सापासारखी मागं आली. वेल्डरचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. तो खाली बसून हाताकडं बघत राहिला. त्याचा मेहुणा शिव्या देत त्याच्या हाताला गोणपाट गुंडाळत होता. रक्त हाळीच्या काठावरून आत कोरड्या तळाशी गेलं. अध्यक्ष म्हणाले, "गोणपाट आधी गुंडाळा म्हणलं होतं ना?" मी वेल्डरला माझ्या स्कूटीवर दवाखान्यात नेलं, मेहुण्यानं तार पुरी केली आणि शेवटी हाळीजवळच्या वाटेवर जाळीचा तुकडा शिवून टाकला.

परत आले तेव्हाही म्हातारा तिथंच उभा होता.

"अक्का, आमची वाट?"

"बंद झाली, बाबा."

"मंग मेंढरं?"

"मी बघते."

"तुमच्या बापानं बी असंच म्हणलं व्हतं, मी बघतो म्हणून," तो म्हणाला. "पर त्यानं बघितलं."

मी बघितलं. फाटकातून कळप आणायला अध्यक्षांनी साफ नकार दिला. पेव्हर ब्लॉकवर लेंड्या नकोत. मग मी आमच्या जुन्या गुऱ्हाळातली गुळाची काहील काढली आणि जाळीच्या बाहेर, हाळीच्या समोर ठेवून दिली. टँकर आला की माझ्या वाट्याचं पाणी ओढून आधी हाळीत ओतायचं, जाळीच्या भोकातून रबरी नळी बाहेर काढायची, तोंडानं ओढून पाणी चालू करायचं आणि काहील भरायची. घरात मी आणि नवरा एकाच बादलीत आंघोळ करायला शिकलो. मेंढरं रांगेत यायची, काहिलीला भिडायची. म्हाताऱ्याची सून कळप आवरायची आणि मधल्या वेळात उभ्या उभ्या लोकर कातायची. तिचा नवरा चारा बघायला पैठणकडं गेलेला होता. तिची बोटं मी खूप वेळ बघत राहायचे. लोकरीचा पुंजका आणि फिरकी, दोन्हीकडं तिचं लक्षच नसायचं, आणि धागा तुटायचा नाही.

"अक्का, ती तार तुमच्याकडं का बघतीया?" तिनं एकदा विचारलं.

मी बिल्डरच्या मोजणीचं सांगितलं. ती खदखदा हसली. "लई शानी मानसं तुमी."

गल्लीत बोलणी सुरू झाली होती. माणसांना नाही आणि मेंढरांना. एका सकाळी काहील उपडी पडलेली आणि नळीचे विळीनं चिरावेत तसे तुकडे. त्याच दिवशी पाण्याच्या वासानं एका मेंढीनं जाळीत तोंड खुपसलं आणि आतून कुणीतरी तिच्या तोंडावर वीट घातली. जबडा तुटून लोंबायला लागला. म्हाताऱ्यानं तिला गुडघ्याखाली धरलं आणि तिथंच सुरी फिरवली. रक्त आमच्या जाळीवर उडालं. त्यानं सुरी मातीत पुसली आणि मेंढी खांद्यावर टाकून गेला. ज्यानं वीट घातली तो मला ठाऊक आहे. रोज सकाळी भेटतो, नमस्कार करतो.

नवी नळी आणायच्या आधी टँकर चुकला. मग आणखी एकदा चुकला. सोसायटीत लोक एकमेकांच्या टाक्यांची झाकणं उघडून बघायला लागले. वरच्या मजल्यावरच्या दोन भावांनी एका बॅरलवरून एकमेकांची डोकी भिंतीवर आपटली. आणि मग भर दुपारी टँकर आला.

मी गच्चीवर कुरडया वाळवत होते, म्हणून पहिल्यापासून सगळं दिसलं. टँकर विहिरीत रिकामा झाला आणि निघून गेला. बायका हंडे आणायला घरी पळाल्या होत्या, विहिरीवर कुणी नव्हतं. सून बाहेरून जाळीवर चढली. जाळीच्या भोकांत पायाची बोटं अडकवत वर आली, आतल्या बाजूला वाकलेल्या तारेवर तिनं खांद्यावरचं घोंगडं टाकलं आणि त्याच्यावरून घसरून आत उतरली. तार आत वाकलेली असल्यामुळं ते तिला फार सोपं गेलं. बाहेरून येणाऱ्याला ती तार जणू उतरायला जिना होती. तिनं पोहरा टाकला, पाणी काढलं आणि हाळीत न ओतता थेट जाळीतून बाहेर काहिलीत फेकायला लागली. निम्मं मातीत जात होतं. मेंढरं एकमेकांवर चढत होती.

मी वरून ओरडले, "अगं, थांब, मी फाटक उघडून घेते!" तिला ऐकू गेलं नसावं.

अध्यक्षांनी फाटक उघडल्यावर माझी शेजारीण पहिली पोचली. तिनं मागून सुनेचे केस धरले आणि मान मागं ओढली. "चोरटे! आमच्या पाण्यात हात घालतीस?" सुनेनं कोपर मारलं. ते नेमकं टाक्यांच्या भुवईवर बसलं. शेजारीण किंचाळली, तिचा हंडा विहिरीत पडला, आणि त्या आवाजावर घराघरांतून पुरुष बाहेर आले. एकाच्या हातात क्रिकेटची बॅट होती, एकाच्या हातात गाडीच्या टायरचा पट्टा. वीट घालणाराही होता.

त्यांनी काही विचारलं नाही. पट्टा तिच्या पाठीवर आडवा बसला, बॅट पोटरीवर. ती एका हातावर पडली, उठली, पुन्हा पडली. "मार! आज सोडू नको!" बायकाच ओरडत होत्या. ती हाळीकडून जाळीकडं पळाली आणि चढायला लागली. अर्ध्यावर येईपर्यंत चढली. मग वर डोक्यावर तार होती. बाहेरून येताना जी जिना झाली होती, ती आतून छत झाली. घोंगडं कुणीतरी आधीच ओढून काढलं होतं. तिनं आंधळेपणानं वर हात घातला, पाय जाळीतून सुटले आणि सगळं वजन त्या एका हातावर आलं. उजव्या हातावर. काटे तळव्यातून आत गेले आणि ती लोंबायला लागली.

खालून मार थांबला नाही. लोंबणाऱ्या पायांवर बॅट बसत होती.

बाहेर म्हाताऱ्यानं काठी टाकली आणि कमरेची गोफण सोडली. मी जिना उतरत होते, खिडकीतून दिसलं, जाळीवरून पहिला दगड आला. बॅटवाल्याच्या गालावर बसला आणि तो तोंड धरून खाली बसला. बोटांमधून रक्त आणि दाताचे तुकडे. दुसरा दगड कठड्यावर फुटला. मग आतून विटा बाहेर जायला लागल्या. म्हाताऱ्याच्या कपाळावर एक बसली, तरी तो गोफण फिरवतच होता, आणि मेंढरं त्याच्या पायांत पाणी पीत होती.

मी स्वयंपाकघरातून तार कापायची पक्कड घेतली. फाटक अध्यक्षांनी उघडून ठेवलं होतं आणि स्वतः तिथं उभे राहून "शिस्तीत! शिस्तीत घ्या!" असं ओरडत होते. मी लोकांतून वाट काढत हाळीपर्यंत गेले. पट्टा एकदा माझ्या खांद्यावर बसला. ज्यानं मारला त्यानं "सॉरी, ताई" म्हटलं आणि पुन्हा तिच्यावर उचलला. मी हाळीच्या काठावर चढले आणि तारेला पक्कड लावली.

"सचिवबाई! नवी तार आहे!" अध्यक्ष ओरडले. "तार कापू नका!"

पहिला पदर तुटला. दुसरा तुटला तेव्हा ताणलेली तार उसळली आणि माझा गाल हनुवटीपर्यंत चिरत गेली. तिसरा तुटल्यावर सून खाली हाळीत पडली, तारेचा तुकडा हातात घेऊनच. तिच्या अंगाखाली पाणी नव्हतं, नुसता दगड. माझं रक्त तिच्या तोंडावर पडत होतं. बहुतेक ते रक्त बघूनच लोक मागं सरले. माझं. तिचं बघून कुणी सरलं नव्हतं.

तिला रिक्षात घातलं. त्याआधी मी पोहरा उचलला आणि काहील काठापर्यंत भरली. कुणी अडवलं नाही.

सरकारी दवाखान्यात तिचा आणि माझा बाक एकच होता. माझ्या गालाला टाके पडले, तिच्या तळव्यातल्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरनं शिवलं आणि सांगितलं, दोन बोटं आता वळणार नाहीत. तिनं त्याच्याकडं न बघता मला विचारलं, "मेंढरं प्याली का?"

"प्याली."

"सगळी?"

"सगळी."

मग तिनं पट्टीतला हात मांडीवर घेतला. "अक्का, तुमच्या बापानं आमाला हाळ दिली व्हती. तुमी तिला जेलात घातली."

मी म्हटलं, "बाहेर काढते."

"काढा," ती म्हणाली. "मी कातायची ऱ्हायले, हाळ तरी बाहेर काढा."

पोलिसांत दोन्हीकडून तक्रार गेली आणि दोन्हीकडून मागं घेतली गेली. बॅटवाल्यानं कवळी बसवली. म्हाताऱ्याच्या कपाळावर विटेचा खड्डा राहिला. कापलेली तार दुसऱ्याच दिवशी वेल्डरच्या मेहुण्यानं जोडून दिली. त्या कामासाठी सभा लागली नाही. अँगल बाहेर फिरवावेत असा ठराव मी मांडला, तेव्हा अध्यक्षांनी पश्चिमेकडं बोट दाखवलं. काटे आतच राहिले.

हाळीचं मात्र मी सोडलं नाही. ती बाहेर काढून ठेवायला जागा माझ्या प्लॉटमधून द्यायची ठरवली, तिथून कळपाला रस्त्यावर येता येतं, बिल्डरचा संबंधच नाही. ठराव मंजूर करून घेतला. क्रेनवाला आला, हाळीला मोजायचा टेप लावून बघितला आणि म्हणाला, फाटकातून ही निघणार नाही, दगड रुंद आहे, आणि जाळीवरून उचलायची तर तेवढी मोठी क्रेन गल्लीत शिरणार नाही. बाहेर काढायची तर जाळीचा एक खांब उपटावा लागेल. खांब उपटायचा तर वरची तार सोडावी लागेल. तार सोडायची म्हटल्यावर सभेत आवाज चढला. जिची भुवई दोनदा फाटली होती ती माझी शेजारीण म्हणाली, "एकदा तार कापली तेवढं बास नाही का?" एकानं खुर्ची उचलली होती. क्रेनवाला परत गेला.

पुढं पाऊस झाला, विहीर भरली, टँकर थांबला. सभेत तो विषय आता शेवटी येतो आणि तोवर लोक उठलेले असतात.

मेंढरं अजून येतात. आता ती खालच्या रस्त्यानं जातात, माझ्या गेटसमोर थोडी थांबतात. मी बादल्या भरून काहिलीत ओतते. सून डाव्या हातात काठी धरते. उजवा हात पदराखाली असतो. ती विहिरीकडं बघत नाही. गेल्या उन्हाळ्यात तिनं एकच विचारलं, "निघाली का?"

"खांब उपटायचाय," मी म्हटलं.

"मग उपटा की."

क्रेनवाल्याला पुन्हा फोन केलाय. पक्कड स्वयंपाकघरात खुंटीला आहे. खांब कुठला उपटायचा त्यावर मी खडूनं खूण केली आहे. पावसानं ती पुसते, मी पुन्हा करते. हाळ अजून आतच आहे.